मुलीचे रसायनशास्त्र, मंडळीची सेवा आणि पंचावन्न लाखांचे कर्ज

अहिल्यानगर येथील एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. ते ५२ वर्षांचे असून अनुदानित शाळेत शिक्षक आहेत, त्यांच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका आहेत. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून अमेरिकेतील एका ख्रिस्ती महाविद्यालयात तिला चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. मुख्य विषय रसायनशास्त्र आणि त्याच्या जोडीला ख्रिस्ती शिक्षण, असे तिचे दोन विषय असतील. महाविद्यालयाने वर्षाला २७,००० डॉलर शिष्यवृत्ती देऊ केली आहे. घराशेजारचा प्लॉट विकून २२ लाख, ठेवी मोडून १४ लाख, सुकन्या समृद्धी खात्यातून ३ लाख आणि राहते घर तारण ठेवून ५५ लाखांचे शैक्षणिक कर्ज, अशी त्यांची योजना आहे. जागा निश्चित करण्याची मुदत जवळ आल्याने हे करावे की करू नये, असा त्यांचा थेट प्रश्न आहे.

थेट प्रश्नाला थेट उत्तर द्यायचे तर, आज जो आकडा समोर आहे त्या आकड्यावर हे करू नये. कारणे मात्र नीट पाहायला हवीत, कारण तुमच्या मुलीच्या निवडीत काही चूक नाही. चूक आहे ती दोन वेगळ्या शिक्षणांचा भार एकाच कर्जावर टाकण्यात.

प्रथम खर्च. शुल्क, निवास आणि भोजन मिळून ५४,००० डॉलर, त्यातून शिष्यवृत्ती वजा केली की २७,००० उरतात, त्याला चाराने गुणून आणि डॉलर ९० रुपयांना धरून तुम्ही ९७ लाखांवर आला आहात. तुम्ही सोबत जोडलेले शिष्यवृत्तीचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात शिष्यवृत्तीची रक्कम डॉलरमध्ये ठरलेली आहे, शुल्काची नाही. शुल्क दरवर्षी चार टक्क्यांनी वाढले, तर वाढीचा प्रत्येक डॉलर पूर्णपणे तुमच्या खिशातून जाणार, कारण शिष्यवृत्ती जागेवरच राहते. आरोग्यविमा, पुस्तके, प्रयोगशाळेचे शुल्क आणि दोन वर्षांतून एकदा घरी येण्याचे विमानभाडे यांसाठी वर्षाला ५,००० डॉलर धरावेच लागतील. ते तुमच्या हिशेबात नाहीत. रुपया दरवर्षी तीन टक्क्यांनी घसरेल असे धरले (हा निराशावादी अंदाज नाही), तर पहिल्या वर्षी २८.८ लाख आणि चौथ्या वर्षी ३८ लाख लागतात. चार वर्षांची बेरीज १ कोटी ३३ लाख होते. म्हणजे तुमची सगळी तरतूद, कर्जासह, ९४ लाखांची, आणि खर्च त्याहून ३९ लाखांनी जास्त.

त्याच पत्रातील आणखी दोन अटी मला जास्त खटकतात. शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी चारपैकी ३.२ सरासरी राखावी लागेल आणि ती आठ सत्रांपुरतीच मिळेल. रसायनशास्त्राचे विषय एकावर एक रचलेले असतात. सामान्य रसायनशास्त्रानंतर सेंद्रिय, मग विश्लेषणात्मक आणि भौतिक, आणि प्रत्येकाबरोबर प्रयोगशाळेच्या दुपारी. मधला एक विषय हुकला किंवा वेळापत्रकात बसला नाही, तर पुढचा विषय बहुधा वर्षभराने लांबतो. त्यात ख्रिस्ती शिक्षणाचे प्रत्यक्ष काम, म्हणजे मंडळीत (चर्चमध्ये) जाऊन मुलांचे आणि तरुणांचे वर्ग घेणे, हेही धरा. दोन विषय घेणाऱ्या विद्यार्थिनीला नववे सत्र लागणे अजिबात अशक्य नाही, आणि त्या सत्राला शिष्यवृत्ती नाही. त्या एकाच जादा सत्राचा खर्च ३४ लाखांच्या घरात जातो. तुमच्या प्लॉटच्या किमतीपेक्षा तो दीडपट आहे.

आता कर्ज. ५५ लाखांपैकी बहुतेक रक्कम तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत उचललेली असेल. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, परंतु व्याज चालूच असते. साडेदहा टक्के सरळ व्याजाने पाचव्या वर्षाअखेरीस येणे सुमारे ७५ लाख होते आणि पंधरा वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता साधारण ८२,००० रुपये येतो. तो सुरू होईल तेव्हा तुम्ही ५७ वर्षांचे असाल. पुढच्या वर्षी निवृत्ती. नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या नेमणुकीमुळे तुम्हाला जुने निवृत्तिवेतन मिळेल, ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण निवृत्तिवेतन वेतनाच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि सहकर्जदार म्हणून बँक विचारणार ते तुम्हालाच. व्याजावरील प्राप्तिकराची वजावट मनात धरली असेल, तर ती जुन्या करप्रणालीतच मिळते, हेही लक्षात घ्या.

‘ती तिथे नोकरी करून फेडेल,’ असे तुम्ही लिहिले आहे. इथे दोन विषयांचा फरक पैशांत उतरतो. विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना सत्र चालू असेल तेव्हा आठवड्याला २० तासच, तेही मुख्यतः महाविद्यालयाच्या आवारातच, काम करता येते. पदवीनंतर बारा महिने अभ्यासविषयाशी संबंधित काम करण्याची मुभा असते. रसायनशास्त्र विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असल्याने त्या पदवीवर आणखी २४ महिने मिळू शकतात. ख्रिस्ती शिक्षण त्या यादीत नाही. तिने प्रयोगशाळेत नोकरी धरली तर तीन वर्षे, मंडळीत मुलांच्या शिक्षणाचे काम धरले तर एक वर्ष. म्हणजे हप्ता भरण्यासाठी तिला नेमके तेच काम सोडावे लागेल, ज्यासाठी ती हे महाविद्यालय निवडते आहे. तीन वर्षांनंतरचा नोकरीचा व्हिसा सोडतीवर असतो आणि अलीकडे त्याचे नियम वरचेवर कडक होत आहेत. त्याच्या भरवशावर घर तारण ठेवू नये.

माझा आडाखा असा आहे की, ज्या शिक्षणातून पगार येतो त्याला मर्यादित कर्ज चालते, आणि ज्या शिक्षणातून सेवा घडते ते कर्जमुक्त पैशांतूनच व्हावे. पाळकांचे किंवा मंडळीतील शिक्षिकेचे मानधन तुम्ही जवळून पाहिले आहे. त्यातून ८२,००० चा हप्ता जाईल का, हे मी सांगण्याची गरज नाही.

दुसरा मार्ग तुमच्या गावातच आहे आणि तो दुय्यम नाही. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय ख्रिस्ती परंपरेचेच आहे, आणि तिथे रसायनशास्त्राची पदवी घरून जाऊन येऊन घेता येते. तुम्हीच काढलेला तीन वर्षांचा सर्व खर्च १ लाख ८० हजार आहे. नवीन रचनेतील चौथे वर्ष धरले तरी अडीच लाखांपुढे जाणार नाही. ख्रिस्ती शिक्षणासाठी ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या श्रीरामपूर सिनेटचे बहिःस्थ अभ्यासक्रम आहेत. कोलकात्याचे त्यांचे केंद्र सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी ख्रिस्ती अभ्यासाची पदविका आणि पदवी चालवते. ती आज जी शब्बाथशाळा (मंडळीतील मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग) घेते, ती चालू ठेवूनच हा अभ्यास होऊ शकतो. पुढे पूर्णवेळ ईश्वरविज्ञान शिकावेसे वाटलेच तर पुण्यातील सेमिनरी दोन-अडीच तासांवर आहे.

श्रीरामपूर म्हणजे आपल्या जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधील हुगळीकाठचे. मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेल्या त्या महाविद्यालयात जॉन मॅक रसायनशास्त्र शिकवत आणि १८३४ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक बंगालीत काढले. याच कॅरींनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. प्रयोगशाळा आणि शास्त्राभ्यास एका छताखाली हवा असेल तर तो अमेरिकेतच मिळतो असे नाही, एवढेच सांगायचे आहे.

आणि अमेरिका कायमची सुटते असेही नाही. तिथे रसायनशास्त्राच्या पीएच.डी. ला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचे शुल्क बहुतेक विद्यापीठे माफ करतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक वर्ग घेण्याच्या बदल्यात विद्यावेतन देतात. म्हणून तिने इथे चार वर्षांची ऑनर्स पदवी किंवा एम.एस्सी. करावी, नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर काही विद्यापीठे अडवतात. ज्या विषयासाठी आज तुम्ही सव्वा कोटीहून जास्त मोजणार, त्याच विषयासाठी पाच-सहा वर्षांनी विद्यापीठ तिला पैसे देईल अशी शक्यता आहे. खात्री नाही, स्पर्धा मोठी आहे. दरम्यान नोकरी करायची झाली तर कुरकुंभ आणि रांजणगावच्या कंपन्यांत गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळा आहेत. सुरुवातीचा पगार माझ्या पाहण्यात १८ ते २२ हजारांचा आहे, थोडा आहे, पण डोक्यावर कर्ज नसताना तो पगार स्वतःचा असतो.

मुलीला हे पटले नाही तर? तिचे मन तुम्हीच जाणता. अशा वेळी महाविद्यालयाला लेखी विनंती करावी. खासगी महाविद्यालये शिष्यवृत्तीचा फेरविचार करतात. कुटुंबाचे उत्पन्न, पत्नीचा पगार, दोघांच्या वेतनपावत्या जोडून विचारण्यात कमीपणा नाही. तुमच्याकडे प्लॉट, सुकन्या खाते, ठेवींपैकी १० लाख आणि दरमहाच्या शिलकीतून मिळून ४५ लाख उभे राहू शकतात आणि रसायनशास्त्राच्या पगारावर पेलेल असे १० लाखांचे कर्ज काढता येईल. म्हणजे सर्व खर्च धरून वर्षाला १४,००० डॉलरच्या आत आले तरच होकार द्यावा. आजचा आकडा ३२,००० आहे. इतके अंतर एका विनंतीने भरून निघेल असे मला वाटत नाही, पण विचारून पाहण्यास काही जात नाही. उत्तर येईपर्यंत परत न मिळणारी अनामत भरू नका.

दोन गोष्टी पत्रात जाता जाता आल्या आहेत, पण त्या महत्त्वाच्या आहेत. दोघांचे हातात येणारे १,२३,००० रुपये आणि खर्च मांडताना तुम्ही दरमहाचा १२,३०० रुपयांचा दशमांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) ‘चार वर्षे थांबवू’ असे लिहून वगळला आहे. तो मी खर्चात परत घेतला आहे आणि तरीही महिन्याला ३८,००० शिल्लक राहतात. मुलीने मंडळीची सेवा शिकावी म्हणून घरातला दशमांश थांबवायचा, हे तुम्हालाही फार काळ सहन होणार नाही. शिवाय मुलगा नववी संपवून दहावीत जातो आहे. त्याचे महाविद्यालय तीन वर्षांनी, म्हणजे नेमके तिच्या शेवटच्या आणि सर्वांत महागड्या वर्षात सुरू होईल. या शिलकीवर त्याचाही हक्क आहे.

दुसरी गोष्ट मुलीच्या प्रवेशाशी संबंधित नाही, पण लगेच करायची आहे. तुमच्या १४ लाखांच्या ठेवींपैकी ९ लाख एका पतसंस्थेत आहेत. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. दीड टक्का जादा व्याजासाठी ही जोखीम घेऊ नये. तुम्ही कळवल्याप्रमाणे त्यातील पहिली पावती पुढच्या महिन्याच्या १७ तारखेला पिकते. तिचे नूतनीकरण करू नका. ती रक्कम दोन वेगवेगळ्या बँकांत पाच लाखांच्या आत विभागून ठेवा आणि त्यातील चार लाख घरच्या अडचणीसाठी केव्हाही काढता येतील असे राखा.