शांघायचा बंड पायी बघणार असशील तर

पहिल्यांदाच जातोयस ना, मग ऐक, बंडची, म्हणजे नदीकाठच्या जुन्या इमारतींच्या रस्त्याची, टूर सकाळची घे, संध्याकाळी लाइटिंग बघायला एवढी गर्दी असते की गाइडचं काही ऐकूच येत नाही. ईस्ट नानजिंग रोड मेट्रोपासून चालत पाच-दहा मिनिटं, पण सुरुवात दक्षिणेकडून कर, बिल्डिंगचे नंबर तिथून चढत जातात. बंड म्हणजे मुळात आपला बांधच बरं का, शब्द इकडूनच तिकडे गेलाय.

१२ नंबरला १९२३ ची जुनी हाँगकाँग बँक, तिथे बाहेरून फोटो काढून पुढे पळू नकोस, बँक चालू असेल तर आत जा आणि मान वर कर. घुमटात मोझेकमध्ये आठ शहरं आहेत, त्यात आपलं कलकत्ताही. अनेक वर्षं हे सगळं रंगाखाली झाकलेलं होतं, १९९७ मध्ये परत सापडलं. मी तिथे खूप वेळ नुसता उभा होतो.

आणि २० नंबरचं ससून हाउस (१९२९, आताचं पीस हॉटेल, हिरवं टोकदार छप्पर लांबूनच दिसतं) अजिबात चुकवू नकोस. पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून झालं त्या डेव्हिड ससून यांचा पणतू व्हिक्टर, त्यानेच हे बांधलं. पैशाचा पाया मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफू आणि कापसाच्या धंद्यात, हे गाइड सांगेलच असं नाही, तर तू स्वतःहून विचार.

पाणी सोबत ठेव, बूट जुनेच घाल, शेवट १९०७ च्या वायबायडू पुलावर कर.