घरी सांगणे

प्रिय यमू,

परवा जेवताना तू विचारलंस आणि मी ताट उचलून सिंककडे गेलो. तुला वाटलं असेल बाबा रागावले. रागावलो नव्हतो, लागलं होतं. तेव्हा काय बोलावं ते सुचेना, म्हणून आता लिहितोय. देवनागरी हळूहळू वाचतेस हे माहीत आहे, अडलीस तर आईला विचार.

तू तुमच्या लीगल क्लिनिकमधल्या त्या जोडप्याबद्दल सांगत होतीस. नवरा इथला, अमेरिकेचा नागरिक, बायको बाहेरची, आणि लग्न खरं आहे हे इमिग्रेशनच्या इंटरव्ह्यूत सिद्ध करायला तुम्ही केवढी फाइल बांधली आहे: दोघांच्या नावावरचा घरभाड्याचा करार, जॉइंट खातं, सहलीचे फोटो, मित्रांची पत्रं. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्डही दोनच वर्षांचं, मग पुन्हा सगळं दाखवायचं. १९८६ च्या कायद्यापासून हे असं आहे, हे तूच सांगितलंस. आणि मग सहज म्हणालीस, "बाबा, आजी-आजोबा या इंटरव्ह्यूत नापास झाले असते, ना? त्यांना मूल सांभाळायला बाई हवी होती, तिला डोक्यावर छप्पर हवं होतं. सोयीचंच लग्न. आजीचं खरंच प्रेम होतं, की तिला दुसरीकडं जायला जागा नव्हती?"

'सोयीचं' म्हणताना तुझ्या मनात 'कन्व्हिनियन्स' हा इंग्रजी शब्द होता हे मला कळलं. माझ्या कानात मात्र आजी बोलली. 'सोय जाणेल तो सोयरा' हे ती येता-जाता म्हणायची, आणि तिच्या तोंडी सोय हा हलका शब्द कधीच नव्हता. गावाहून आलेल्यांची झोपायची सोय, खाणावळीतल्या आजारी माणसाच्या पेजेची सोय. पण शब्दावरून तुझ्याशी वाद घालत नाही. तू म्हणतेस ते खरं आहे. ते लग्न सोयीचंच होतं.

आजोबांची पहिली बायको १९६३ च्या पावसाळ्यात टायफॉइडनं गेली. ताईआत्या तेव्हा तीन वर्षांची. लालबागची ती दहा बाय बाराची खोली, त्यात एक माणूस आणि एक मूल. गिरणीत साचाखात्यातली, म्हणजे मागांवरची नोकरी, पाळी बदलत राहायची. पहिली पाळी असली की भोंग्याआधी गेटात, रात्रपाळी असली की पोर शेजारच्या बिऱ्हाडात झोपायची. तिकडं रत्नागिरीजवळच्या खेड्यात आजी. आईवडील नाहीत, मामाकडं वाढलेली, लहानपणच्या तापात डावा पाय बारीक झालेला, एकोणीस वर्षांची. माणसं बघायला यायची, पाय बघून परत जायची. मग कुणीतरी मामाला सांगितलं, मुंबईला गिरणीत आहे, बिजवर आहे, एक मुलगी आहे, पण हुंडा मागत नाही. आजोबांना सांगितलं, पाय जरा अधू आहे, पण कामाला मागं सरत नाही. झालं. कांदेपोहेसुद्धा नाहीत. आजोबांना रजा चार दिवसांची होती. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या, म्हणून १९६४ च्या वैशाखातच उरकून घेतलं.

कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडायचं होतं. तेव्हा होडीतून बोटीपर्यंत जायचं, रात्र डेकवर काढायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. आजी उलट्यांनी बेजार झाली. नवऱ्यानं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "पाण्याकडं बघू नको, लांब बघ." हे तिनं मला कितीदा सांगितलंय. मुंबई येईपर्यंत दुसरं वाक्य नाही.

लग्नात तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं 'सुशीला' लिहिलं. पुढं रेशनकार्डावर तेच लागलं. पण आजोबा त्या नावानं हाक मारत नसत. ते म्हणायचे, 'ताईची आई'. चार वर्षांच्या पोरीला आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला एकाच दिवशी एकमेकींच्या हवाली केलं, आणि तेच तिचं नाव झालं. लहानपणी मला यात काही खटकलं नाही. आमच्या चाळीतल्या सगळ्याच बायका कुणाच्या तरी आई होत्या. आता खटकतं. ती 'अहो' म्हणायची, तुला ते गोड वाटतं. तुझ्या आईनं मला कधी 'अहो' म्हटलं नाही आणि मला त्यात बरंच वाटतं.

दोन वर्षांनी तिनं खाणावळ सुरू केली. आजोबांच्या खात्यातले दोघं जेवायला यायला लागले, मग चार, मग चौदा. रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं, बायकामुलं गावाला. मी झोपायचो माळ्यावर, आणि पहाटे चारला स्टोव्हचा आवाज आणि तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज, यानं जाग यायची. मासे बुधवारी आणि रविवारी. महिन्याचा हिशेब, न जेवलेल्या दिवसाचा खाडा धरायचा. हे सगळं ती कोळशानं भिंतीवर रेघा मारून ठेवायची आणि शाळेत जाऊ लागल्यावर मी वहीत उतरवायचो. भांडवल सावकाराचं, व्याज भरून जीव जायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यात आजी होती. आपल्या घरातलं पहिलं बँकेचं पासबुक तिच्या नावाचं. आजोबांचं खातं नव्हतंच. म्हणजे तुझ्या फाइलीतला जॉइंट खात्याचा रकाना रिकामा.

भाडेपावती आजोबांच्या एकट्याच्या नावाची. फोटो एकच, स्टुडिओतला, दोघांच्या मध्ये ताईआत्या आणि मी, आणि दोघं समोर बघताहेत. मित्रांची पत्रं कुठून आणायची? चाळीतल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, 'बरं चाललंय त्यांचं'. एवढंच.

पत्र मात्र एक आहे. ते तुला सांगायचं म्हणून एवढं लिहितोय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, हे तुला कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात हे नसेल की भोंगा बंद झाल्यावर आमच्या चाळीत कुणाला किती वाजले ते कळेना. खाणावळीतले लोक एकेक करून गावी गेले. पाच जण राहिले, त्यांच्याकडे पैसे नव्हते. आजी त्यांना वाढत राहिली आणि मी वहीत आकडे लिहीत राहिलो. जूनमध्ये आजोबाही गावी गेले, भावाच्या शेतात लावणीला, म्हणजे निदान तांदूळ तरी येईल.

जुलैत त्यांचं अंतर्देशीय पत्र आलं. मी बारा वर्षांचा. पत्र माझ्या नावानं, 'चि. बाळास अनेक आशीर्वाद'. शाळा काय म्हणते, भाडं भरलं का, ताईच्या स्थळाकडून निरोप आला का, स्टोव्हची पिन मोडली होती ती बदलली का. शेजारच्या म्हातारीची चौकशी, मुकादमाची चौकशी. आजीचं नाव कुठंच नाही. मग जिथं कागद दुमडून चिकटवतात त्या पट्टीवर, बारीक अक्षरात: 'घरी सांगणे, मोरीत उभं राहून भांडी घासू नयेत. पाट घ्यावा. पाय ओला ठेवू नये.'

'घरी' म्हणजे बायको. तिकडं असंच लिहीत. मी मोठ्यानं वाचत होतो, आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "परत वाच." मी पहिल्यापासून सुरू केलं. "ते नको. शेवटचं."

संध्याकाळी ती पाटावर बसून भांडी घासत होती.

कधीपासून? हेच मलाही कळत नाही, यमू. अठरा वर्षं मी किंवा ताईआत्यानं आजोबांना तिच्या पायाबद्दल एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. ज्या पायामुळं ती त्यांच्या वाट्याला आली, तो पाय उभं राहून कधी दुखतो, ओला राहिला की कसा आखडतो, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. तुझे ते अधिकारी विचारतात ना, जोडीदार पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो? मला वाटतं या प्रश्नात आजोबा पास झाले असते.

गणपतीला ते परत आले. गिरणी बंदच. जिन्यावर दिवसभर पुरुष बसलेले, पत्ते, नाहीतर संपाच्या गप्पा. आमचे आजोबा, ज्यांनी तोवर स्वतःचं ताट उचललं नव्हतं, ते गॅलरीच्या टोकाच्या नळावर सगळ्यांदेखत पातेली घासायला बसले. जिन्यावरून कुणीतरी काहीतरी बोललं. मी लाजेनं खोलीत शिरलो. ते मला आजही आठवतं, आणि आज त्या लाजेची लाज वाटते. आजोबांनी मान वर केली नाही. पातेली विसळली, पालथी घातली. पुढं वॉचमनची नोकरी लागली तरी रात्रीची भांडी त्यांचीच राहिली.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर तू म्हणशील बाबा वकिली करताहेत. आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीतही असंच ठरवून झालेलं लग्न होतं. तसेच तांदूळ, तशाच अक्षता. रात्री तिथून मारल्याचे आवाज यायचे, आणि सकाळी त्या मावशी आमच्याकडे साखर मागायला यायच्या, आजी साखरेबरोबर हळद द्यायची. त्यांनाही दुसरीकडं जागा नव्हती. म्हणजे आजीला आजोबा मिळाले हे तिचं नशीब, त्यात रीतीचं काही श्रेय नाही. मी एकदा आजीला विचारलं होतं, तुझ्या मनात होतं का गं हे लग्न? ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मला चौथीच्या पुढं शिकायचं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं."

तुझी आई १९९८ मध्ये माझ्यामागं एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर इथं आली तेव्हा तिला कामाची परवानगी नव्हती. बँकेतली नोकरी सोडून आली आणि कित्येक वर्षं प्रत्येक डॉलर माझ्याकडून मागून घेतला. जायला जागा नसणं हे फक्त १९६४ चं नाही. तिला काय वाटायचं ते तिलाच विचार. मी तेव्हा पुरेसं विचारलं नाही.

हे सगळं लिहून तुला काही सुचवायचं आहे असं समजू नकोस. तुझ्या मित्राबद्दल मी विचारत नाही, लग्नाच्या पोर्टलवर नाव घालू का असंही म्हणत नाही. तू कुणाबरोबर राहायचं ते तू ठरव, आणि आधी ठरव. फक्त आजीचं जे होतं त्याला 'सोय' म्हणून बाजूला ठेवू नकोस, एवढं वाटतं. एवढं वाटणंही जास्त असेल तर सोडून दे.

आणखी एक. शाळेत पोरं तुला 'याम, याम' म्हणून चिडवायची आणि तू रडत विचारायचीस, हे जुनाट नाव कुणी ठेवलं? मी म्हणायचो, नदीचं नाव आहे. ते पूर्ण खरं नव्हतं. २००१ मध्ये तू झालीस, तेव्हा आजोबांनी आयएसडी बूथवरून स्वतः फोन केला. आयुष्यात एकदाच. एरवी ते 'बरे आहात ना' म्हणून रिसीव्हर आजीकडे द्यायचे. त्या दिवशी एकटेच गेले होते. म्हणाले, "नाव ठरलं नसेल तर यमुना बघा." मग म्हणाले, "घरी सांगू नको मी सुचवलं म्हणून." मला वाटलं म्हाताऱ्या माणसाची हौस. बारशाच्या दिवशी आजीला नाव सांगितलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "जुनं आहे. पण बरं आहे."

२००९ मध्ये आजोबा गेले. खोली आजीच्या नावावर करायला कागद शोधत होतो. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, गिरणीचा पास आणि फंडाच्या चिठ्ठ्यांच्या पाकिटात, घडीवर फाटायला आलेला एक दाखला होता. रत्नागिरी जिल्हा, प्राथमिक शाळा, इयत्ता चौथी उत्तीर्ण. आजीचं माहेर लग्नाबरोबरच संपलं होतं, मामाकडं ती परत कधी गेली नाही, त्यामुळे तिला लग्नाआधी काय म्हणत ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दाखल्यावर नाव होतं कुमारी यमुना.

तो दाखला आता माझ्याकडे आहे. येशील तेव्हा दाखवतो. नाव कुणी सुचवलं हे आजीला मी अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
बाबा