थायरॉईडची गोळी आणि कोडाचे डाग

प्रश्न : मी अमळनेरची. ओठांच्या कडेला आणि बोटांवर कोड आहे. आता थायरॉईडही कमी निघाला. गोळीने डाग जातील का? सासूबाई भरीत बंद कर म्हणतात.

उत्तर : ताई, गोळीने थायरॉईड ताळ्यावर येईल, डाग जाणार नाहीत. संप्रेरक कमी पडलं म्हणून रंग गेला, असं सरळ नातं नाही. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. त्वचेत ती रंग बनवणाऱ्या पेशी मारते, गळ्यात थायरॉईड ग्रंथीवर तुटून पडते. म्हणून कोडाच्या रुग्णाला मी टीएसएच (थायरॉईड कमी-जास्त आहे का ते दाखवणारी) आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीवरचा हा हल्ला दाखवणारी) या रक्ताच्या तपासण्या करायला सांगतोच. गोळी सोडू नका. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा-एक तास.

डागांचे उपचार वेगळे : टॅक्रोलिमस मलम (त्वचेतला हल्ला शमवणारं), ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण. गालावरचे डाग लवकर दाद देतात, ओठ आणि बोटांची टोकं मात्र हट्टी. महिने लागतात, हे आधीच सांगून ठेवतो.

भरीत खुशाल खा. (खानदेशात राहून वांग्यावर बंदी? सासूबाईंना माझं नाव सांगा.) वैशाखात शेतात जाताना मात्र डाग झाका, तिथली कातडी चटकन भाजते. आणि घरात ताट-पेला वेगळा ठेवला असेल तर आजच एकत्र करा. कोड कुणाला लागत नाही.