सोनोग्राफी झाली, तरी यूबीएम कशाला?

प्रश्न : काचबिंदूच्या संशयावरून आईला ‘यूबीएम’ (अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाची सूक्ष्म सोनोग्राफी) तपासणी सांगितली आहे. डोळ्याची सोनोग्राफी पूर्वी झालेली असताना ही वेगळी कशासाठी?

उत्तर : नेहमीच्या सोनोग्राफीतल्या साधारण १० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी पार दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात, यूबीएममध्ये त्या ३५ ते ५० मेगाहर्ट्झच्या असल्याने जेमतेम ५ मिलिमीटर खोल जातात, पण तेवढ्या भागातले बारकावे कितीतरी स्पष्ट दाखवतात. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे दडलेला, डोळ्यातले पाणी तयार करणारा भाग प्रकाशावर चालणाऱ्या ओसीटी या स्कॅनला नीट दिसत नाही, आणि त्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन कशामुळे अरुंद झाला याचे उत्तर अनेकदा तिथेच असते. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पापण्यांमध्ये छोटी वाटी बसवून तीत सलाइन भरतात. सहसा दुखत नाही, गार मात्र लागते. डोळ्याला उघडी जखम असल्यास ही तपासणी टाळतात.