‘संडे आफ्टरनून ॲट होम’मध्ये काहीच घडत नाही, तरी हसू का येतं? आणि तशी शांतता श्रुतिकेत कशी आणायची?

तुमचा प्रश्न असा आहे : ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ या टोनी हॅनकॉकच्या जुन्या ब्रिटिश विनोदी रेडिओ मालिकेचा ‘संडे आफ्टरनून ॲट होम’ हा भाग ऐकून तुमच्या गटाने दहा मिनिटांच्या श्रुतिकेत तशाच थांबण्याच्या जागा ठेवल्या, पण ऐकताना त्या नुसत्या रिकाम्या वाटल्या. असं होतं तेव्हा नटांना दोष देण्याआधी संहिता आणि ध्वनिमुद्रण तपासावं.

आधी मूळ भाग. बीबीसीच्या लाइट प्रोग्रॅम या रेडिओ वाहिनीवर तो २२ एप्रिल १९५८ रोजी प्रसारित झाला. लेखक रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन. रविवारची दुपार, ईस्ट चीममधलं हॅनकॉकचं घर, सोबत त्याचे मित्र सिड जेम्स आणि बिल कर, आणि हॅटी जेक्सने रंगवलेली त्याची सेक्रेटरी मिस प्यू. सुरुवातीलाच हॅनकॉक उसासा टाकतो, आयुष्याला कंटाळल्यासारखं काहीतरी पुटपुटतो आणि किती वाजले विचारतो. उत्तर येतं, दोन. एवढंच.

हे दोन वाजणं त्या काळच्या श्रोत्याला नीट कळत होतं. इंग्लंडमध्ये तेव्हा रविवारी बहुतेक दुकानं बंद, नाटकांचे प्रयोग नाहीत, आणि पब दुपारी दोनेक तास उघडून संध्याकाळपर्यंत पुन्हा बंद. म्हणजे दोन वाजता बाहेर पडायची शेवटची वाटही मिटलेली असते आणि पुढे अख्खी दुपार पडलेली असते. त्यानंतरच्या शांततेला जे वजन आहे ते या माहितीमुळे. तुमच्या श्रुतिकेत पहिली शांतता येण्याआधी श्रोत्याला दोन गोष्टी कळलेल्या हव्यात : ही माणसं इथून हलू शकत नाहीत, आणि अजून किती वेळ काढायचा आहे. वीज गेलेली लिफ्ट, सुटायला चार तास असलेली एसटी, काहीही चालेल. हे कळायच्या आधीची शांतता श्रोत्याला नट वाक्य विसरल्यासारखी वाटते.

दुसरं, शांतता कोण मोडतो आणि कशाने मोडतो, हे लिहूनच ठेवा. या भागात ती सहसा मोठ्या वाक्याने मोडत नाही. पुन्हा उसासा, पुन्हा वेळेची चौकशी, नाहीतर डोळे बारीक करून पाहिलं तर भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीत म्हातारा दिसतो असा एखादा बारकासा शोध. थांबल्यावर चुरचुरीत विनोद आला, की श्रोता पुढच्या प्रत्येक थांब्याला विनोदाची वाट पाहू लागतो आणि कंटाळ्याचा खरेपणा जातो. जेवणावरून, मिस प्यूच्या घट्ट ग्रेव्हीवरून जी कुरकुर होते ती मात्र भरभर चालते. असे भरधाव तुकडे मधे आहेत म्हणूनच संथ तुकडे संथ वाटतात. पुढे केनेथ विल्यम्सचा शेजारी येतो आणि चाल आणखी बदलते. दहा मिनिटांत तीन किंवा चार लांब थांबे पुरेत, आणि सगळे पहिल्या सहा मिनिटांत.

आता मोजमाप. मूळ ध्वनिमुद्रणावर घड्याळ लावून सेकंद उचलू नका. ते स्टुडिओत प्रेक्षकांसमोर झालेलं आहे. हॅनकॉकचा चेहरा त्या प्रेक्षकांना दिसत होता, ते हसत होते, आणि नट हशा उतरेपर्यंत थांबत होते. तुमच्याकडे हशा नाही, त्यामुळे तोच थांबा दुप्पट लांब वाटेल. हशा विरल्यापासून पुढच्या शब्दापर्यंतचं अंतर मोजा, तेच खरं. प्रेक्षकांविना केलेल्या श्रुतिकेत माझ्या मते दोन ते तीन सेकंद म्हणजे ठळक थांबा. पाचच्या पुढे श्रोता फोन उचलून फाइल अडकली का ते बघतो. नटाने मनात आकडे मोजू नयेत, आवाजात ते लगेच कळतं. पूर्ण श्वास सोडून झाला की बोलायचं, एवढी खूण पुरते.

खरी गडबड ध्वनिमुद्रणात होते. थांब्याच्या जागी पूर्ण नि:शब्द तुकडा टाकला, तर हेडफोनवर खोली अचानक नाहीशी झाल्यासारखी होते आणि कान दचकतो. म्हणून काम संपल्यावर सगळे नट खोलीतच असताना, माईक जागचा न हलवता, पंखा आणि फ्रिज बंद ठेवून, साठ सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्या. थांबे वाढवायचे तर त्यातला तुकडा जोडा, सांध्यावर अगदी छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा हळूच वर येऊ द्या.

मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर आपोआप आवाज वाढवणारी सोय बंद करा, किंवा गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवायचा ते, हाताने ठरवता येतो असं ॲप वापरा. नाहीतर नट गप्प झाले की फोन आवाज वर खेचतो, खोलीची घरघर फुगते आणि पुढचं वाक्य आदळतं. नेहमीच्या बोलण्याची शिखरं ॲपमधल्या आवाजाच्या पट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय, लावू नका. ती उसाशाची शेपटी कापते, आणि इथे उसासा हाच संवाद आहे. याच कारणाने व्हिडिओ कॉलवरचं ध्वनिमुद्रण या कामाला निरुपयोगी : त्यातलं गोंगाट काढणारं तंत्र उसासे गोंगाट समजून गिळतं. मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर हलका ठेवा, दाबण्याचं प्रमाण २:१ च्या वर नको. जास्त दाबलं की पुटपुटणं आणि ओरडणं एकाच पातळीवर येतं.

संहितेचे कागद हीसुद्धा साधी पण नेहमी नडणारी गोष्ट. पान उलटण्याचा आवाज शांततेतच सगळ्यात जास्त ऐकू येतो. पानाच्या शेवटी थांबा येणार नाही असं टाइप करा, स्टेपल काढा, आणि वाचून झालेलं पान उलटण्याऐवजी टेबलावर अंथरलेल्या जाड कापडावर अलगद सोडा.

पॉडकास्ट म्हणून टाकणार असाल तर एक धोका उरतो. काही ॲपमध्ये शांतता आपोआप छाटण्याची सोय असते आणि अनेकांनी ती कायमची चालू ठेवलेली असते. त्यांच्या फोनवर तुमचे तीन सेकंद अर्ध्यावर येतील. भागाच्या वर्णनात ती सोय बंद करायला सांगा, पण सगळे वर्णन वाचत नाहीत. म्हणून थांब्यात एखादा बारीक आवाज पेरा, खुर्चीची करकर, वर्तमानपत्राची घडी, नाकातून सुटलेला श्वास. तो आवाज पुरेसा स्पष्ट असला तर ॲप त्या जागेला शांतता समजण्याची शक्यता कमी होते. हॅनकॉकचे उसासे आणि पुटपुटणी नेमकं हेच करतात, रेडिओ चालू आहे आणि माणसं खोलीत आहेत ही खात्री देतात. एका थांब्यात एकच आवाज ठेवा. घड्याळाची टिकटिक मात्र सलग नको, तिसऱ्या मिनिटाला ती कान पोखरते आणि तिच्यामुळे संकलनात थांबा कमीजास्तही करता येत नाही, कारण ठेका तुटलेला लगेच कळतो.

संकलन झालं की स्पीकरवर, दिवा बंद करून एकदा सलग ऐका. स्क्रीनवरची लाट बघत ऐकलं तर सपाट रेषा दिसताच हात ती कापायला जातो.