घरच्या व्हिडिओंची डीव्हीडी करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही विचारलंय की, हँडीकॅमच्या मिनीडीव्ही टेपवरून संगणकावर उतरवलेलं दोन तासांचं चित्रीकरण आहे, त्याची मेनू असलेली आणि टीव्हीच्या प्लेअरवर चालणारी डीव्हीडी करायची आहे. तर एका क्लिकमध्ये सगळं करून देणारं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

माझा सल्ला असा, की 'एका क्लिकमध्ये' ही अटच काढून टाका. सॉफ्टवेअर असं निवडा, जे डिस्क बर्न करायच्या आधी थांबतं आणि तयार झालेला फोल्डर किंवा आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) तुमच्या हातात देतं. ऑथरिंग आणि बर्निंग ही दोन वेगळी कामं आहेत. ऑथरिंगमध्ये व्हिडिओचं एमपीईजी-२ या डीव्हीडीला लागणाऱ्या प्रकारात रूपांतर होतं, चॅप्टर पाडले जातात, मेनू बनतो आणि 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर तयार होतो. बर्निंग म्हणजे तो फोल्डर डिस्कवर उतरवणं, बस. नुसती एमपी४ फाइल डिस्कवर ओढून टाकली तर ती डेटा डिस्क होते, आणि साधे डीव्हीडी प्लेअर बहुतेक वेळा ती घेत नाहीत.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण मी स्वतः पोळलोय. आईच्या साठाव्या वाढदिवसाची टेप मी अशाच एका क्लिकवाल्या प्रोग्रॅममधून थेट डिस्कवर घेतली. संगणकावर पाहिली, उत्तम दिसली. टीव्हीवर लावली तेव्हा आई स्थिर बसली असेल तोवर चित्र स्वच्छ. तिने मान वळवली की चेहरा मागेपुढे थरथरायचा आणि कडांना कंगव्यासारखे दात दिसायचे. दोष फील्ड ऑर्डरचा होता. टेपवरच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत त्यांच्यात १/५० सेकंदाचं अंतर असतं. डीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी येतं. त्या प्रोग्रॅमने वरचं आधी धरलं होतं, त्यामुळे प्रत्येक हालचाल उलटसुलट क्रमाने दिसत होती. ते बदलायची सोय त्यात नव्हती आणि मधला फोल्डरही तो ठेवत नव्हता, म्हणून प्रत्येक प्रयोगाला एक नवी डिस्क गेली. चार डिस्क गेल्यावर मी तो प्रोग्रॅम काढून टाकला.

म्हणून सॉफ्टवेअर पाहताना आधी त्याच्या सेटिंग उघडा. फील्ड ऑर्डर, पाल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत), चित्राचा आकार ४:३ की १६:९, बिटरेट (एका सेकंदाला किती डेटा) आणि आवाजाचा प्रकार, एवढं स्वतः ठरवता येत असेल तर पुढे जा. मेनूचे तयार नमुने किती आहेत हे शेवटी बघा.

बिटरेटचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचे दोन तास इथेच अडतील. एका थरातल्या डिस्कची ४.७ जीबी ही क्षमता दशमान पद्धतीने मोजलेली असते. विंडोजमध्ये ती सुमारे ४.३८ दिसते. दोन तासांत ती वाटली तर सेकंदाला ५.२ मेगाबिट मिळतात, तेही आवाज धरून. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवलात तर तोच दीड मेगाबिट खातो, म्हणजे दोन तासांत जवळजवळ १.४ जीबी. तो एसी-३ या दाबलेल्या प्रकारात घ्या, १९२ किंवा २५६ किलोबिट पुरतात. तरीही चित्राला सुमारे पाचच मेगाबिट उरतात, आणि हातात धरून काढलेल्या, अंधाऱ्या खोलीतल्या चित्रीकरणाला ते अपुरे पडतात. चौकोनी ठोकळे दिसू लागतात. मी तुमच्या जागी असतो तर एकेका तासाच्या दोन डिस्क केल्या असत्या. मग चित्राला आठ मेगाबिट देता येतात. डीव्हीडीची मर्यादा ९.८ आहे, पण तिच्या अगदी टोकाला जाऊ नका, काही प्लेअर अडखळतात.

आता नावं. फुकटात डीव्हीडीस्टायलर घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, मेनू मनासारखा मांडता येतो, आणि शेवटी 'फक्त फोल्डर बनव', 'आयएसओ बनव' की 'बर्न कर' हे ते विचारतं. दिसायला साधं आहे, पण घरच्या कामाला मी तेच वापरतो. पैसे खर्च करायची तयारी असेल आणि ब्लू-रेही करायची असेल तर टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स पाहा. फाइल आधीच डीव्हीडीच्या नियमांत बसत असेल तर ते फक्त कापाकापी झालेला भागच पुन्हा एन्कोड (रूपांतरित) करतं. विंडोजवर बर्निंगसाठी इम्गबर्न. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ची आहे, पण या कामात तेव्हापासून बदलण्यासारखं काही उरलेलं नाही. लिनक्सवर के३बी. जुन्या लेखांत आयडीव्हीडी, विंडोज डीव्हीडी मेकर किंवा अडोबी एन्कोर सुचवलेलं दिसेल. ती तिन्ही केव्हाच बंद झाली, त्यांच्या शोधात वेळ घालवू नका.

फोल्डर तयार झाला की तो व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. मेनूतलं प्रत्येक बटण दाबा, शेवटच्या चॅप्टरवर जाऊन ओठ आणि आवाज जुळतात का ते ऐका. मेनूची अक्षरं कडेला टेकवू नका, जुन्या टीव्हीवर कडा कापल्या जातात. फील्ड ऑर्डर मात्र संगणकावर सहसा नीट कळत नाही, त्यासाठी हालचाल असलेला दोन मिनिटांचा तुकडा आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या, डिस्कवर घेऊन टीव्हीवर बघा. मग खरी डिस्क चांगल्या कंपनीची डीव्हीडी-आर घ्या, वेग ८एक्सवर ठेवा, व्हेरिफाय (लिहिलेलं तपासून बघणं) सुरू ठेवा.

आणि टेपवरून उतरवलेल्या मूळ डीव्ही फायली डिस्क झाली म्हणून पुसू नका. तासाला १३ जीबी लागतात हे खरं, पण पुढे कधी पुन्हा एन्कोड करायची वेळ आली तर डीव्हीडीवरून नव्हे, त्यांच्यावरूनच करायचं असतं.