वातारिदोरीत दोरी कुठून आली?

प्रश्न : मी पुण्यात जपानीचा क्लास करतेय. वातारिदोरी म्हणजे स्थलांतर करणारे पक्षी असं पाठ केलं, पण परवा एका जपानी सिरीयलमध्ये सारख्या नोकऱ्या बदलणाऱ्या माणसाला सगळे वातारिदोरी म्हणत होते. हे कौतुक की टोमणा? आणि त्यात दोरी कुठली?

उत्तर : आधी दोरी सोडवू. पक्षी म्हणजे तोरी, जोडशब्दात मागे गेला की 'त'चा 'द' होतो, ओरिगामीत नाही का कागदाच्या 'कामी'चं 'गामी' होतं, तसंच. वातारु म्हणजे ओलांडणं, पल्याड जाणं. आपण या पक्ष्यांना हिवाळी पाहुणे म्हणतो, म्हणजे यजमान आपण, जपानी शब्दात यजमान कुठेच नाही, नुसतं पार जाणं आहे, आणि बेटांचा देश म्हटल्यावर पार करायचा तो समुद्रच.

म्हणून माणसाला लावला की अर्थ होतो एका जागी न टिकणारा. कौतुक की टोमणा ते बोलणाऱ्याच्या सुरावर. १९५९ साली निक्कात्सु स्टुडिओने कोबायाशी आकिराच्या हातात गिटार देऊन त्याला भटका वातारिदोरी केला, पिक्चर एवढा चालला की सिरीजच निघाली, तिथे तो हिरो. आणि रिटायर झालेले बडे सरकारी अधिकारी या संस्थेतून त्या संस्थेत खुर्च्या बदलत दरवेळी निवृत्तीची रक्कम घेतात, त्यालाही 'वातारी'च म्हणतात, तिथे मात्र सरळ शिवी!

हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द घालायची रीत आहे, त्यात हा शरद ऋतूचा शब्द, उत्तरेकडून बदकं-हंस यायला लागतात तेव्हाचा. भिंगरीही स्थलांतर करते, पण ती तिच्या स्वतःच्या नावाने वसंतात येते.

मला सगळ्यात आवडते ती उत्तरेकडच्या त्सुगारु भागातली गोष्ट. रानहंस येताना चोचीत एक काडी आणतात, दमले की समुद्रात ती टाकून तिच्यावर टेकतात, किनाऱ्याला लागले की तिथेच ठेवतात आणि वसंतात परत जाताना ज्याची त्याने उचलायची. सगळे गेले तरी वाळूत काड्या उरतात, त्या हिवाळ्यात मेलेल्यांच्या. गावकरी त्या गोळा करून त्यांच्यावर आंघोळीचं पाणी तापवतात, त्यांच्या आठवणीसाठी. आता हंस पाण्यावर आरामात तरंगतो, त्याला काडी कशाला, हे मलाही कळतं, पण ती उरलेली काडी डोक्यातून जात नाही. या आंघोळीला गानबुरो म्हणतात. गान म्हणजे रानहंस, आणि बुरो म्हणजे फुरो, आंघोळ, इथेही तुमच्या दोरीचाच नियम.